मे महिन्यातली दुपार आणि पहिलं प्रवाळ

‘मॅडम, पहिलं प्रवाळ कोणतं घेऊ?’ असा फोन आला की मी आधी तीन गोष्टी विचारते. मे महिन्यात दुपारी तुमचं घर किती तापतं? एकदा लाइट गेली की जास्तीत जास्त किती वेळ येत नाही? आणि नळाला किती दिवसांआड पाणी येतं? फोनवरचा माणूस थोडा गोंधळतो. त्याला खरं तर मोबाइलवर पाहिलेल्या जांभळ्या-हिरव्या फोटोबद्दल बोलायचं असतं. पण ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय मला त्याला काहीच सांगता येत नाही. ही पुस्तिका त्या तीन प्रश्नांतूनच तयार झाली आहे.

खाऱ्या पाण्याच्या टाकीवर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं उत्तम आहे. मीही त्यातूनच शिकले. मात्र त्या पुस्तकांतलं घर वेगळं असतं. तिथे नळ सोडला की पाणी येतं, वीज जात नाही आणि खोली बाराही महिने एकाच तापमानाला राहते. आपलं शहर समुद्रापासून सरळ रेषेत मोजलं तरी अडीचशे किलोमीटरहून दूर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच, काळ्या कातळावर वसलेलं. पाणी जायकवाडीहून उपसून आणायचं आणि तेही रोज मिळेल असं नाही. उन्हाळ्यात पारा 42 अंशांपर्यंत चढतो. अशा ठिकाणी समुद्राचा एक तुकडा घरात जिवंत ठेवायचा, तर निवड वेगळ्या टोकापासून करावी लागते. तुमच्या घरातला वर्षातला सर्वांत वाईट दिवस डोळ्यांसमोर आणा. त्या दिवशीही जे तग धरेल, ते पहिलं प्रवाळ.

आपल्याकडे प्रवाळ म्हटलं की अंगठीतलं पोवळं आठवतं. मंगळासाठी घालायचा तो लाल खडा. या भागाचं पोवळ्याशी नातं फार जुनं आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि तीत पोवळं आहे. त्याच ग्रंथात भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवरचं मोठं बाजारगाव म्हणून पैठणचा आणि त्यापलीकडच्या तगरचा, म्हणजे आजच्या तेरचा, उल्लेख येतो. तेव्हा भूमध्य समुद्रातलं लाल पोवळं बैलांच्या तांड्याबरोबर गोदाकाठी येत असणार, असं मला पैठणच्या वाटेवर दर वेळी वाटतं. पण तो खडा म्हणजे मेलेल्या प्राण्याचा सांगाडा. टाकीत आपण ठेवतो तो जिवंत प्राणी, आणि दोन्हींत बराच फरक आहे.

प्रवाळ हा प्राणी आहे, हे वर्गात शिकवताना मला दर वर्षी दोनदा सांगावं लागायचं. एक नळीसारखं शरीर, वर तोंड, तोंडाभोवती शुंडकांचं कडं. याला पॉलिप म्हणतात. एका वसाहतीत असे शेकडो पॉलिप एकमेकांना जोडलेले असतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात. उजेडात ती अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. बदल्यात त्यांना निवारा आणि प्राण्याच्या उत्सर्गातला नायट्रोजन मिळतो. पाणी नेहमीपेक्षा एखाददोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच राहिलं, की हा संसार मोडतो. शैवालं बाहेर पडतात, प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी राहतं. 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपच्या समुद्रात हेच झालं. एप्रिल 2024 मध्ये तर जगभरातल्या प्रवाळांवर चौथ्यांदा असं संकट आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. समुद्रात ज्याला काही आठवडे लागतात, ते बैठकीतल्या शंभर लिटर पाण्यात एका दुपारीही होऊ शकतं.

हे मी स्वतः अनुभवलंय. माझी पहिली टाकी 120 लिटरची होती. पाणी भरून जेमतेम चाळीस दिवस झाले होते आणि मी एकदम पाच तुकडे आणले. निवडीची माझी कसोटी एकच होती, एकमेकांशेजारी रंग खुलून दिसले पाहिजेत. त्यांत झेनिया होतं. त्याचे पॉलिप मुठीसारखे उघडझाप करतात. ते पाहत मी रोज संध्याकाळी तासभर बसायची. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री अकराला लाइट गेली आणि पहाटे सहाला आली. इन्व्हर्टरवर मी पंखा आणि दिवे ठेवले होते, टाकीची मोटर जोडायचं सुचलंच नव्हतं. पाणी स्थिर राहिलं. कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्यात रात्री शैवालंसुद्धा प्राणवायू घेतच असतात, देत नाहीत. सकाळी झेनिया विरघळून दगडावर करड्या चिकट थराच्या रूपात उरलं होतं. त्याच्या सडण्यामुळे पाण्यात अमोनिया वाढला आणि दोन दिवसांत आणखी दोन तुकडे गेले. पाचांतले दोन वाचले. एक लेदर आणि एक मशरूम. ते लेदर आजही माझ्याकडे आहे. त्याचे कापलेले तुकडे शहरातल्या सहा-सात घरांत वाढताहेत.

त्या रात्रीनंतर मी रंगाआधी घर पाहायला लागले.

सुरुवात पाण्यापासून. नळाचं किंवा बोअरचं पाणी थेट चालत नाही. क्लोरिन काढला तरी त्यातले नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट आणि जुन्या नळांतून उतरणारे धातू टाकीत साठत जातात. आरओ यंत्र आणि त्यापुढे डीआय रेझिनचं नळकांडं लावून टीडीएस मीटर शून्य दाखवेपर्यंत पाणी गाळायचं. मग त्यात प्रवाळाच्या टाकीसाठीचं तयार मीठ घालायचं, लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम, आणि रिफ्रॅक्टोमीटरवर विशिष्ट गुरुत्व 1.025 आलं की थांबायचं. स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड. प्रवाळाला लागणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारता त्यात नसते. कुणीतरी मला लोणारचं पाणी आणावं का, असंही विचारलं होतं. प्रश्न मला आवडला, कारण मराठवाड्याच्या माणसाला जवळचं खारं पाणी तेच. पण लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो आणि समुद्राचा आठच्या थोडा वर. त्या सरोवरात तगणारे सूक्ष्मजीव वेगळे, म्हणूनच जून 2020 मध्ये ते गुलाबी झालं. प्रवाळ तिथे तासभरही टिकणार नाही.

आता पाण्याचा हिशोब. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज सुमारे 3 लिटर पाणी उडून जातं. मीठ उडत नाही, ते मागे राहतं. म्हणून रोज गोडं शुद्ध पाणी भरावं लागतं. चार दिवस लग्नाला गेलात आणि कुणी पाणी भरलं नाही, तर 35 चा खारेपणा 39 च्या घरात जातो. शिवाय आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं, म्हणजे 12 लिटर. आठवड्याला 33 लिटर शुद्ध पाणी झालं, आणि तेवढं गाळताना माझ्या यंत्रातून सत्तरेक लिटर पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडतं. ज्या शहरात ड्रम भरून ठेवायची सवय प्रत्येक घराला आहे, तिथे हे पाणी मोरीत सोडणं मला जमलं नाही. ते बादल्यांत साठतं. फरशी, गाडी, संडास आणि दारातली जास्वंद त्यावर चालतात. शेजारणीनं एकदा सरळ विचारलं होतं, ‘लोकांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही दगडांना पाजता?’ तिचा प्रश्न रास्त होता. म्हणूनच या पुस्तिकेत दोनशे लिटरांवरच्या टाकीची शिफारस कुठेही नाही, जरी मोठ्या टाकीत पाणी जास्त स्थिर राहतं हे खरं असलं तरी. शंभर-सव्वाशे लिटर हे आपल्या शहराच्या दृष्टीनं योग्य माप आहे, असं माझं मत आहे.

उष्णतेच्या बाबतीत मात्र आपली हवा आपल्या मदतीला येते. प्रवाळांना 25-26 अंश मानवतं, 28 च्या पुढे ती कष्टी होतात. चिलर महाग आणि वीजखाऊ. पण टाकीच्या पाण्यावर आडवा वारा मारणारे दोन छोटे पंखे लावले की पाणी तीन-चार अंशांनी उतरतं. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, तेच इथे घडतं. पाण्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका हा उपाय चांगला. म्हणजे एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या माणसाला जो पंखा फारसा उपयोगी पडत नाही, तो आपल्याकडे चिलरचं काम बऱ्याच अंशी करतो. जून उजाडून हवा ओलसर झाली की त्याचा जोर कमी होतो, पण तोवर ऊनही उतरलेलं असतं. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नका आणि गच्चीखालच्या वरच्या मजल्यावर तर नकोच. लाइट गेल्यावरची सोय पुस्तिकेच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. एवढंच सांगते की इन्व्हर्टरवर घरातलं काहीही असो वा नसो, पाणी हलवणारी मोटर असलीच पाहिजे. उजेडाविना प्रवाळ दोन-तीन दिवस काढतं. स्थिर पाण्यात त्याला एक रात्रही भारी पडू शकते.

या सगळ्यानंतर निवड आपोआप अरुंद होते, आणि मला ते चांगलंच वाटतं.

पहिलं नाव लेदरचं. शास्त्रीय नाव सार्कोफायटन. देठावर छत्री, छत्रीवर गव्हाच्या लोंबीसारखे बारीक पॉलिप. रंग बदामी, फार तर फिकट हिरवा. दुकानात कुणी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहत नाही. पण त्याला दगडी सांगाडा बांधायचा नसतो, त्यामुळे पाण्यातलं कॅल्शियम किंवा क्षारता थोडी घसरली तरी ते लगेच कोलमडत नाही. मध्यम उजेड, मध्यम प्रवाह. एक गोष्ट आधीच सांगायला हवी, कारण हिच्यापायी अनेकांनी चांगली लेदरं फेकून दिली आहेत. काही आठवड्यांनी ते एकदम मिटतं, पॉलिप आत ओढतं आणि अंगावर मेणासारखा चकाकता पापुद्रा येतो. सहा-सात दिवस असं राहतं. ते मेलेलं नसतं, कात टाकत असतं. पापुद्र्याबरोबर अंगावर बसलेलं शैवाल आणि कचरा निघून जातो. त्या दिवसांत पाण्याचा झोत थोडा वाढवायचा आणि हात लावायचा नाही. लेदर पाण्यात काही रसायनं सोडतं, शेजाऱ्यांना वाढू न देण्यासाठी. टाकी लहान असेल तर फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवावी.

दुसरं मशरूम, म्हणजे डिस्कोसोमा. दगडाला चिकटलेली गोल चकती. त्याला उजेड कमी लागतो, प्रवाह तर अगदी थोडा. टाकीच्या तळाशी, सावलीच्या कोपऱ्यात ठेवायचं. जास्त उजेडात ठेवलं तर आकसतं आणि मग एक दिवस दगड सोडून निघून जातं. पाण्यात नायट्रेट थोडं असलेलं त्याला चालतं, किंबहुना अगदी निर्मळ पाण्यात ते खंगतं. नवशिक्याच्या टाकीत नायट्रेट असतंच, म्हणून जोडी जमते.

तिसरं झोअँथिड, शौकीन लोक त्याला झोआ म्हणतात. बटणाएवढी फुलं, एकाच दगडावर पन्नास. रंगांची हौस असलेल्यांसाठी हेच, आणि ते बऱ्यापैकी काटकही आहे. पण एक इशारा मी मोठ्या अक्षरांत छापायला लावलाय. या गटातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. 1971 मध्ये हवाई बेटांवरच्या पॅलिथोआतून ते प्रथम वेगळं केलं गेलं, आणि निसर्गात सापडलेल्या अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालायचा. बोटाला चीर असेल तर त्या दिवशी टाकीत हात नाही. आणि झोआ चिकटलेला दगड कधीही, कोणत्याही कारणानं उकळायचा नाही. वाफेतून हे विष श्वासात जातं. असं करून अख्खी कुटुंबं रुग्णालयात पोहोचल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आपल्याकडे भांडं निर्जंतुक करायचं म्हणजे उकळायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली आहे, म्हणून हे पुन्हा पुन्हा सांगते.

झेनिया आणि हिरवा गालिचा धरणारं स्टार पॉलिप हे दोन्ही ‘सोपे’ म्हणून खपवले जातात. जगले तर ते सगळी टाकी व्यापतात आणि मग खरवडून निघत नाहीत. घ्यायचेच असतील तर वेगळ्या, एकट्या दगडावर. समुद्रपुष्पाबद्दल, म्हणजे क्लाउनफिश ज्यात राहतो त्या ॲनिमोनीबद्दल, मुलं हट्ट धरतात. 2003 मध्ये ‘फाइंडिंग नेमो’ आल्यापासून हा हट्ट जगभर आहे. पहिलं वर्षभर तरी ते नको. ते टाकीभर फिरतं, मोटरीत अडकतं आणि मेलं की सगळं पाणी नासवतं. मासा त्याच्याशिवायही सुखानं राहतो.

खरेदीबद्दल एक. प्रवाळं आपल्याकडे येतात ती मुंबईहून किंवा चेन्नईहून, पिशवीत, रात्रीच्या प्रवासानं. निवड होते व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून आणि तो फोटो गडद निळ्या दिव्याखाली काढलेला असतो. निळ्या प्रकाशात प्रवाळाची रंगद्रव्यं स्वतः उजळतात, म्हणून ते झगमगतं. तोच तुकडा दिवसाच्या उजेडात तपकिरी दिसला तर फसवणूक झाली असं समजू नका, पण पैसे देण्याआधी पांढऱ्या दिव्याखालचा फोटो जरूर मागा. दुसरा प्रश्न विचारायचा तो असा की हा तुकडा फ्रॅग आहे का? फ्रॅग म्हणजे टाकीतच वाढलेल्या मोठ्या वसाहतीचा कापून, दगडी खुंटीवर चिकटवून, जखम भरेपर्यंत वाढवलेला अंश. असा तुकडा टाकीतल्या जगण्याला आधीच सरावलेला असतो. आणि त्यासाठी समुद्रातून काही उपटलेलं नसतं.

हा मुद्दा माझ्यासाठी पाण्याइतकाच महत्त्वाचा आहे. मी जिवंत प्रवाळ पहिल्यांदा पाहिलं ते मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या उथळ पाण्यात. काचेच्या टाकीत दिसतं तसं काही नव्हतं. शेवाळी, पिवळट, घमेल्याएवढे गोळे, गाळानं अर्धवट झाकलेले. ते गढूळ पाणी आणि पावसाळ्यातल्या नद्यांचं गोडं पाणी सोसून पिढ्यान् पिढ्या तिथे टिकले आहेत. 1987 पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला, पाण्याखाली वीस मीटरांवर, कान्होजी आंग्र्यांचं नाव लाभलेला आंग्रिया बँक हा पठारासारखा उंचवटा आहे. तिथली प्रवाळं निराळी, जास्त भरगच्च. मुंबईच्या किनारी रस्त्याचं काम चालू असताना वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरही प्रवाळाच्या लहान वसाहती सापडल्या, आणि 2020 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली त्या उचलून दुसरीकडे बसवल्या गेल्या. आपल्या राज्यालाही प्रवाळ आहे, हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळलं.

सगळी दगडी प्रवाळं, समुद्रपंखे, काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ यांना 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाला आहे तेच, संरक्षण आहे. तोडणं, विकणं, बाळगणं गुन्हा. किनाऱ्यावर सापडलेला वाळलेला सांगाडासुद्धा घरी आणायचा नाही. परदेशातून येणारी दगडी प्रवाळं साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि 2022 च्या दुरुस्तीनं अशा प्रजाती बाळगणाऱ्यांवर नोंदणीचं बंधन आणलं आहे. म्हणून या पुस्तिकेत टॉर्च, हॅमर, ॲक्रोपोरा या दगडी प्रवाळांची प्रकरणं नाहीत. काही मित्रांना ती उणीव वाटली. माझं उत्तर असं की पहिल्या प्रवाळाच्या पुस्तिकेत त्यांची जागाही नाही. पायाच्या दगडांबाबतही हेच. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ घेऊ नका. सिमेंट किंवा सिरॅमिकचे सच्छिद्र दगड मिळतात. जीवाणू त्यांत महिना-दीड महिन्यात वस्ती करतात, आणि तेवढं थांबायचं असतंच.

1961 साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालवून दाखवली आणि तसं लिहिलं, तेव्हा यंत्रांवर विश्वास असलेल्यांना ते खरं वाटलं नव्हतं. त्यांच्या दारात समुद्र होता, आपल्या दारात नाही. तरी त्यांच्याकडून एक गोष्ट मी घेतली. दर वेळी नवं यंत्र आणण्याआधी टाकीसमोर बसून पाहायचं. लेदर सकाळी किती वाजता उघडतं, मशरूम कोणत्या बाजूला कलतं, पंखा बंद पडला तर पाणी तासाभरात किती तापतं. पहिल्या सहा महिन्यांची नोंदवही या पुस्तिकेच्या शेवटी कोरी छापली आहे, रोजच्या चार ओळींची. तारीख, तापमान, किती पाणी भरलं, आणि काय उघडलं होतं.

ती वही टाकी भरायच्या दिवसापासून लिहायला घ्या, पहिलं प्रवाळ येण्याच्या निदान सहा आठवडे आधी. आणि जमलं तर टाकी फेब्रुवारीत भरा. म्हणजे नुसतं पाणी आणि दगड घेऊन एक उन्हाळा काढता येईल. पंखे पुरतात का, इन्व्हर्टर किती वेळ टिकतो, ड्रम कधी रिकामा होतो, हे सगळं मेमध्ये कळेल, कुणाचाही जीव न जाता. जुलैत मला फोन करा. लेदरचा एक तुकडा मी तुमच्यासाठी खुंटीवर लावून ठेवीन.